दस्तगीरच्या घरातली माझी खिडकी

पौष लागला की आमच्या घरी एक निरोप येतो. आम्ही लातूरला राहायला आल्यापासून तो कधी चुकला नाही. कधी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर, कधी बाजाराला आलेल्या कुणा गाववाल्याबरोबर... "दाना भरलाय. मास्तरला पाठवून द्या." बस, एवढाच. मग मी कानटोपी शोधायला लागतो आणि आमच्या सौभाग्यवती शेंगदाण्याची चटणी कुटायला बसतात, कारण दस्तगीरच्या हुरड्याला चटणी आमच्या घरची, असा जुना करार आहे. यंदा निरोप घेऊन त्याचा मुलगा महमूद स्वतः आला. सकाळीच दारात उभा. त्याला पाहिल्याबरोबर मी आत हाक दिली, "अहो, चटणी घ्या कुटायला!" आणि आत लगेच बत्ता वाजायलाही लागला. पण महमूद काही हसेना. चपला काढून आत आला, माझ्याजवळ बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "मास्तरचाचा, अब्बा गेले. परवा दिवस कलल्यावर. खिडकीपाशीच बसले होते..." आतला बत्ता थांबला. महमूदनं डोळे पुसले आणि मान वर करून म्हणाला, "हुरडा हाय बरं का. अब्बा सांगून गेलेत, मी असो नसो, रोखेवाल्यांचा हुरडा चुकवायचा न्हाई." मग आत बत्ता पुन्हा वाजू लागला, पण हळू.

त्याला आता महिना होऊन गेला. दस्तगीरवर लिहायला बसलो की रडू यायच्या आधी हसू येतं, याला मी काय करू? त्याची गोष्टच तशी आहे. आणि 'रोखेवाले' कोण, हे सांगितल्याशिवाय ती सुरूही होत नाही.

निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं होती. मी उर्दू शाळेतून शिकून नुकताच शिरूर अनंतपाळला मास्तर म्हणून लागलो होतो. मोठी लढाई संपली होती आणि पलटणीतून सुटलेली माणसं गावोगाव परतत होती. दस्तगीर त्यातलाच एक. सैन्यात तो खेचरं सांभाळायचा. खेचरांच्या पाठीवर पाणी आणि दारूगोळा लादून वाळवंटात कुठं कुठं फिरून आला होता. आई-बाप लहानपणीच गेलेले, म्हणून बहिणीकडं आला. मेहुणा बांगड्यांचा व्यापारी, माणूस चांगला, पण घर म्हणजे एक खण आणि त्यात चार लेकरं. दस्तगीर ओसरीवर झोपायचा. शाळा सुटली की माझ्याकडं येऊन बसायचा आणि लढाईच्या गोष्टी सांगायचा, पण तोफा-बंदुका त्यात कमी. त्याचं सगळं बोलणं एकाच गोष्टीवर यायचं. "लढाईत सगळं मिळालं मास्तर. बूट मिळाले, कंबळ मिळालं, मटन मिळालं. भिंत तेवढी न्हाई मिळाली. एवढी वर्सं झाली, पाठ टेकायला भिंत न्हाई." आणि आता भिंतीची निकड आणखीच वाढली होती. उदगीरच्या एका पिंजाऱ्याची मुलगी, महबूबबी, त्याला सांगून आली होती. तिला त्यानं बहिणीच्या नणंदेच्या लग्नात लांबून पाहिलं होतं, तेव्हापासून दाढी रोज करत होता. पण तिच्या बापानं स्वच्छ सांगितलं होतं : घर दाखवा, मुलगी न्या. ओसरीवर मुलगी द्यायची नाही.

अशात एक दिवस दवंडी पिटली गेली आणि तहसीलदारसाहेबांनी चावडीपुढं लोक जमवले. योजनेचं उर्दू नाव इतकं लांब होतं, की ते पुरं होईपर्यंत मागचे दोघे उठून गेले. मतलब असा, की सरकार कर्जरोखे काढणार. रयतेनं ते विकत घ्यायचे. त्या पैशातून लढाईहून आलेल्या शिपायांना घर आणि शेतीसाठी कर्ज द्यायचं. शिपाई ते हप्त्यानं फेडणार आणि काही वर्षांनी रोखेवाल्यांना पैसे व्याजासकट परत. फक्त एक मेख होती. आमच्या भागाच्या वाट्याचे रोखे खपले, तरच आमच्या भागातल्या शिपायांना कर्ज मिळणार होतं. दस्तगीरनं भर सभेत माझा दंड इतका जोरात दाबला, की आठवडाभर वळ होता.

लोक मात्र थक्क झाले. सरकारनं सारा घ्यावा, लेव्हीचं धान्य न्यावं, वेठीला धरावं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरकारनं उसनं मागावं, हे कुणी बापजन्मात ऐकलं नव्हतं. एक म्हातारा उठून म्हणाला, "साहेब, सरकारला उसनं देऊ की. पन माघारी मागायला कोन जानार? तुमी जाता का?" सगळे हसले, साहेबही हसले आणि सभा पांगली. रोखा एकही खपला नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी दस्तगीरनं पलटणीचा कोट घातला, पितळी बटणं राखेनं घासून चकाचक केली आणि मला एका बैलगाडीवर उभं केलं. मी उर्दूतला मजकूर वाचून मराठीत सांगायचा आणि त्यानं शेजारी ताठ उभं राहायचं, असा बेत. मी घसा बसेपर्यंत सांगितलं. लोक बटणं बघायचे आणि पुढं जायचे. शेवटी गंगाकाकू थांबली. गंगाकाकू म्हणजे गावातली तेलीण. नवरा गेल्यावर घाणा तिनं एकटीनं चालवलेला. आवाज असा, की बैल तिच्या हाकेवर चालत आणि माणसंही. ती म्हणाली, "त्ये कागदाचं ऱ्हाऊ द्या मास्तर. माजा पैसा जानार कुठं, त्ये दावा." मी समजावू लागलो, की काकू, पैसा खजिन्यात जातो, तिथं सगळ्यांचा एकत्र होतो, मग... तिनं मला मध्येच तोडलं. "एकत्र कामून? माज्या घान्यावर या. ज्याची करडई, त्याचंच त्याल. एकाचं दुसऱ्यात जाऊ देत न्हाई मी. सरकारचा घाना काय येगळा हाय का?"

खरोखरच तिच्या घाण्यावर प्रत्येकाची करडई वेगळी पडायची, वेगळी गाळायची, आणि आपल्याच शेतातलं तेल आपल्या भाकरीवर पडतं, याचा गावाला अभिमान होता. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडणार, तोच दस्तगीर गाडीवरून खाली उतरला. "चला काकू," म्हणाला, "दावतो." गावाबाहेर माळाच्या कडेला एक तुकडा त्यानं हेरून ठेवला होता, कर्ज मिळालं तर घ्यायचा म्हणून. तिथं जाऊन त्यानं बुटाच्या टाचेनं मातीत खूण केली. "हितं." गंगाकाकूनं त्या जागेकडं बघितलं, त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग इकडं तिकडं शोधून एक काळा दगड उचलला आणि खुणेच्या एका कोपऱ्यात ठेवला. "मग ही माजी चूल," म्हणाली आणि कनवटीचे पैसे सोडले.

झालं! संध्याकाळपर्यंत गावभर बातमी : रोखा घेतला की फौजीच्या घरातला एक भाग आपला. दुसऱ्या दिवशी तुकाराम लोहार आला, त्यानं कडी-कोयंडा घेतला. सुतारानं दाराची चौकट घेतली. कुणी तुळई, कुणी उंबरा, कुणी पाण्याचा रांजण ठेवायची जागा. मी दस्तगीरला बाजूला घेऊन म्हणालो, "अरे, हे खरं नाही. यांना नीट सांगायला पाहिजे." तर तो म्हणाला, "मास्तर, तुमी खुशाल सांगा. ऐकते का बघा." मी सांगितलं. प्रत्येकाला सांगितलं. लोकांनी मान डोलावली आणि विचारलं, "बरं, मग तुमी काय घेतलं?" शेवटी मलाही घ्यावं लागलं. तोवर सगळं घर वाटून झालं होतं. मी म्हटलं, खिडकी. तर सगळे मला हसले. आमच्याकडं माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांना खिडकी नसायची, उजेड वरच्या झरोक्यातून यायचा. "चोराला दार ठेवायलाव का मास्तर?" लोहार म्हणाला. पण दस्तगीरचे डोळे चमकले. "ऱ्हाऊ द्या खिडकी," म्हणाला. "भिंतीच्या आत बसून भाईर बघायचं... त्येच्यासाठीच तर वाळू खाल्ली एवढी." आणि मग लातूरच्या रस्त्याच्या बाजूला माझी खिडकी ठरली.

रोखे खपले. तहसीलदारसाहेबांना हा घाण्याचा हिशोब कळला तेव्हा ते पोट धरून हसले म्हणतात. कर्ज मंजूर झालं. माळाकडेचं रान, बैलजोडी आणि घर... आणि घराचं काम सुरू झाल्यावर खरी मौज आली. गवंडी एक आणि मुकादम गावभर. चुलीचं तोंड कुठं, हे गंगाकाकू सांगणार. उंबरा आणखी चार बोटं वर पाहिजे, हे उंबरेवाला सांगणार. दस्तगीर सगळ्यांना 'हाव, हाव' म्हणायचा आणि चिखल तुडवायचा. त्याला कुणी आपल्या घराबद्दल भांडतंय, याचंच अप्रूप होतं. शेतीतलं त्याला काही येत नव्हतं, पण जनावरांशी बोलता येत होतं. बैलांना तो पलटणीच्या भाषेत 'दाहिने मुड, बायें मुड' म्हणायचा, आणि खोटं वाटेल, पण महिन्याभरात बैल वळायला लागले. पुढं ती जोडी विकायची वेळ आली तेव्हा गिऱ्हाईक मिळेना, कारण बैलांना मराठी कळत नव्हतं.

माळवद घालून झालं आणि उदगीरहून महबूबबीचा बाप घर बघायला आला. धिप्पाड माणूस, पांढरी दाढी, बोलणं कमी. दस्तगीरनं कोट घातला होता. मी सोबतीला होतो. पण आम्ही दोघांनीच त्याला घर दाखवायचं, असं गावाला कुठं मान्य होतं? पाहुण्यानं चौकटीवर हात ठेवला, तर सुतार पुढं. "चौकट आपली हाय, सागवान हाय." कडी हलवली, तर लोहार. चुलीपाशी गंगाकाकू फतकल मारून बसलेलीच होती. पाहुणा खिडकीतून डोकावला आणि का कोण जाणे, माझ्याही तोंडून निघून गेलं, "खिडकी माझी." तो सावकाश वळला. सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि दस्तगीरला विचारलं, "घर किसका है?"

दस्तगीर कोटाची बटणं चाचपू लागला. गोरा माणूस पार कानापर्यंत लाल झाला. पाहुण्यानं काठी उचलली. "मैं समझा, सास हैच नै. यां तो पूरा गावच सास निकला," म्हणाला आणि निघाला. सोयरीक मोडली, हे सगळ्यांना दिसत होतं. आमच्या हौसेनं त्या पोराचं वाटोळं केलं, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात गंगाकाकू उठून दारात आडवी उभी राहिली. "दम धरा सोयरे. चूल माजी हाय, खरं हाय. म्हंजे काय, तर ती मी कंदी थंड पडू देनार न्हाई. तुमच्या लेकीच्या घरात पीठ नसलं तर माजा पैसा बुडतोय. त्याल नसलं तर माजं नाक कापतंय. ह्या घराकडं एवढी मानसं बघायलीत. तुमच्या उदगिरात एवढी हायेत का, तुमच्या घराकडं बघनारी?" पाहुणा दारातून मागं फिरला. मग काठी भिंतीला टेकवली, खाली बसला आणि म्हणाला, "चाय पिलाव."

महबूबबी त्या घरात आली. पहिलं पीक ज्वारीचं आलं. दाणा हिरवा, दुधाचा असतानाच दस्तगीरनं सगळ्या रोखेवाल्यांना शेतावर बोलावलं. गोवऱ्यांची आगटी पेटवली, कणसं भाजली, हातावर चोळून गरम हुरडा प्रत्येकाच्या पुढ्यात टाकला. "हे व्याज," म्हणाला. "मुद्दल सरकार दील. व्याज माझं." तिथून तो हुरडा सुरू झाला.

संस्थान गेलं ते दिवस मला लिहायला आवडत नाहीत. आधी एकांनी माणसं मारली, मग त्याचा सूड म्हणून दुसऱ्यांनी. दोन्ही वेळा मेली ती गरीबच. आमच्या गावातही एका दुपारी बाहेरची काही माणसं आली, हातात काठ्या-कुऱ्हाडी. माळाकडं निघाली. दस्तगीर, महबूबबी आणि तिच्या मांडीवरचा महमूद आतल्या अंगाला बसलेले. आम्हाला आधी कळलं होतं म्हणून आम्ही रोखेवाले जाऊन बसलो होतो, पण खरं सांगतो, काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गंगाकाकूनं चूल पेटवून भाकरी थापायला घेतली होती. त्यांच्यातला एकजण दारातून ओरडला, "हे घर कुणाचं?" काकूनं भाकरी उलटली आणि मान न वळवता म्हणाली, "माजं."

"फौज्याचं हाय म्हनतेत."

"चूल कुनाची हाय, इचार गावात. माजी हाय." तोवर लोहार उठून दाराशी गेला होता. "कडी-कोयंडा माजा. हात लावून बघ." सुतार म्हणाला, "चौकट माजी." उंबरेवाला उंबऱ्यावरच बसला. मी खिडकीत होतो. मी तिथूनच ओरडलो, "खिडकी माझी आहे." ती माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एकजण म्हणाला, "ह्ये काय येड्यांचं गाव हाय रे?" आणि शिव्या देत ती गेली. माळाच्या पलीकडं दिसेनाशी होईपर्यंत आम्ही कुणी हललो नाही. मग दस्तगीर बाहेर आला. चेहरा पांढराफटक, पण डोळ्यांत तीच जुनी मस्करी. "चूल काकूची, कडी तुकारामची, खिडकी मास्तरची... मग ह्या घरात माझं काय ऱ्हायलं?" गंगाकाकूनं तव्यावरची भाकरी त्याच्या हातात ठेवली. "कर्ज," म्हणाली. "कर्ज तुजं. त्ये फेड."

आम्ही इतके हसलो, इतके हसलो, की महमूद जागा होऊन रडायला लागला. मग महबूबबी रडायला लागली, आणि मग आम्हीही.

त्यानं कर्ज फेडलं. राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, तरी हा हप्ता घेऊन जायचा आणि तिथल्या नव्या साहेबांना ऐटीत सांगायचा, "घर गावाचं हाय. कर्ज आपलं सोताचं." पुढं रोख्यांचे पैसेही मिळाले. कागद आणा आणि पैसे न्या, असं आलं तेव्हा गावात नवीच काळजी : कागद दिला म्हणजे हुरडा बंद होणार का? दस्तगीरनं घरोघर जाऊन सांगितलं, की मुद्दल सुटलं तरी व्याज सुटत नाही. मी माझा रोखा वटवला आणि त्या पैशातून खिडकीला नव्या झडपा बसवल्या. गंगाकाकूनं शेवटपर्यंत वटवला नाही. "चूल कुनी इकतंय का?" म्हणायची. ती गेल्यावर तिच्या नातसुना हुरड्याला यायला लागल्या आणि आल्या आल्या चुलीपाशी जाऊन बसायला लागल्या, न सांगता.

मी लातूरला बदलून आलो, इथंच निवृत्त झालो, पण पौषात त्या रस्त्यानं जायचो. बस फाट्यावर सोडायची. तिथून चालत निघालो की वळणावरच हाक यायची, "आले... खिडकीवाले आले!" दस्तगीर दिवस कलला की खिडकीत बसायचा, भिंतीला पाठ टेकून. म्हातारपणी त्याला अंधुक दिसायचं, पण माझी चाल ओळखायचा. मी म्हणायचो, "अरे, माझ्याच खिडकीत बसून मलाच ओरडतोस?" तो म्हणायचा, "भाडं घ्या की मास्तर." आणि मूठभर गरम हुरडा माझ्या तळहातावर पडायचा.

यंदाही मी गेलो. चटणी घेऊन गेलो. वळणावर सवयीनं थांबलो, हाक आली नाही... पण शेतात आगटी पेटलेली होती आणि जुन्या रोखेवाल्यांच्या तिसऱ्या पिढीतली पोरंसोरं एकमेकांच्या तोंडाला काजळी फासत होती. हुरडा झाल्यावर महमूद मला जरा बाजूला, घराकडं घेऊन गेला आणि सांगू लागला. माळवद गळायला लागलंय, भिंतींना ओल धरली आहे, उन्हाळ्यात सिमेंटचं घर बांधायचं ठरलंय. जुन्या घराला लागूनच जागा मोकळी करून चुन्याच्या फक्कीनं आखणीही केली होती. एका कोपऱ्यात गंगाकाकूचा तो काळा दगड ठेवलेला दिसला. "गंगाकाकूच्या घरच्यांना इचारून झालं," महमूद म्हणाला, "गॅसचा ओटा तिथंच, दगड ओट्याखाली बसवायचा. चौकट सुताराच्या नातवानं सांगितली तशी. आता तुमचं ऱ्हायलंय चाचा. तुमची खिडकी कुठं काढायची?"

फक्कीच्या त्या पांढऱ्या रेघांमध्ये उभा राहून मी चारी बाजूंना बघितलं. मग बाकीचे रोखेवाले करतात तसा अंमळ खाकरलो आणि हुकूम सोडला. "रस्त्याकडं काढ. चांगली मोठी काढ. मी येताना त्याला वळणावरूनच दिसलो पाहिजे."

महमूदनं चूक दाखवली नाही. "हाव चाचा," म्हणाला, दोन पावलं मागं सरला आणि टाचेनं मातीत खूण केली. "हितं."